शैलाबेनची बोहनी

भाव सांगण्याआधी शैलाबेन पाणी प्यायच्या. घोटभर नाही, पूर्ण ग्लास. समोर पार्टी बसलेली असायची, "बोलो बेन, केटला थशे?" असं भावाचं विचारून झालेलं असायचं, आणि शैलाबेन उठून कोपऱ्यातल्या माठाकडे जायच्या. ग्लास भरायच्या, उभ्याउभ्याच प्यायच्या, उपडा ठेवायच्या आणि परत येऊन आकडा सांगायच्या. सुरुवातीला मला वाटलं त्यांना शुगर आहे. मग वाटलं, पाणी पिताना त्या मनात हिशेब करत असतील. चार वर्षं मी त्यांच्याकडे काम केलं. तो हिशेब मला सापडला नाही.

त्यांचं ऑफिस सुरतेच्या पर्वत पाटिया भागात एका कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली लेस आणि बॉर्डरची दुकानं, वर एक खोली, तिला शटर. ऑफिस म्हणण्यापेक्षा गाळाच तो. शैलाबेन साडीवाल्यांसाठी आणि एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायच्या. कुठल्या कारखान्यात किती ताके कापड गेलं, किती भरून परत आलं, कुणाचं बिल राहिलं, असं सगळं. वय पन्नाशीच्या आसपास, अंगात सुती पंजाबी ड्रेस, ओढणी पिनांनी पक्की केलेली. विचार करताना चष्मा काढून त्याची एक काडी दातात धरायच्या. ती काडी टोकाला चावून चावून पांढरी झाली होती. व्यापाऱ्यांशी गुजराती, रिक्षावाल्यांशी हिंदी, आमच्यासारख्या लिंबायत वस्तीतल्या खानदेशी माणसांशी अहिराणी. इंग्रजी फक्त कॉम्प्युटरशी.

मी त्यांच्याकडे गेले ती दुसरीकडे कुठे जमलं नाही म्हणून. बीसीए झाल्यावर दोन कंपन्यांत मुलाखती दिल्या होत्या. कामाचे प्रश्न सगळे नीट आले. शेवटी "पगाराची अपेक्षा किती?" असं विचारलं की माझं तोंड बंद व्हायचं. एके ठिकाणी मैत्रिणीने शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "कंपनीच्या नियमाप्रमाणे." ते म्हणाले, "आमच्याकडे तसा नियम नाही, तुम्हीच सांगा." मी बॅगेची चेन उघडली, बंद केली. मुलाखत संपली.

घरी पप्पांना हे समजावून सांगणं अवघड होतं. ते लूमवर काम करतात, त्यांना मीटरवर पैसे मिळतात. मीटरचा भाव वरून येतो. कधी वाढतो, कधी कमी होतो, पण तो सांगायला कुणी त्यांना खुर्चीत बसवून विचारत नाही. आमच्या घरात आपला भाव आपण सांगायची वेळ कुणावर आलीच नव्हती. इंग्लिश मीडियममध्ये घातलेल्या मुलीला ते आपोआप येत असेल, असं त्यांना वाटत होतं. ते म्हणाले, "शैलाकडे जाय. आपल्या मागच्या गल्लीतली शे. ती काही इचारस नही."

खरंच त्यांनी काही विचारलं नाही. "बठ," म्हणाल्या, आणि एक कीबोर्ड पुढे सरकवला. महिना संपला तेव्हा एक पाकीट दिलं. मी ते न उघडता बॅगेत टाकलं आणि घरी येऊन बाथरूममध्ये उघडलं. पुढची तीन वर्षं असंच चाललं. पाकीट थोडं थोडं वाढत गेलं, चौदा हजारांवर आलं. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी बोलले नाही. मला हे फार सोयीचं होतं.

पण पार्ट्यांना भाव सांगताना मी बघायचे, आणि माझं डोकं चक्रावायचं. एकाच प्रकारच्या कामाला एका साडीवाल्याला एक आकडा, दुसऱ्याला दुप्पट. मोठ्या दुकानाला जास्त असेल म्हणावं, तर एका चार मजली दुकानवाल्याला त्यांनी सगळ्यात कमी सांगितलं. मी नेटवर वाचलं होतं की फ्रीलान्सरने तासाचा दर ठरवावा. वर्षाचा खर्च काढायचा, कामाचे तास काढायचे, भागाकार करायचा, वर थोडा नफा लावायचा. मी एक छान तक्ता करून त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी चष्मा काढला. "तास कोणता?"

"कोणता म्हणजे?"

"सकाळचा का दुपारचा? जेवल्यावरचा माझा तास काही कामाचा नाही. तो कुणाच्या बिलात टाकू?"

"सरासरी धरायची."

"आणि ज्या कामाला मला एक तास लागतो त्याला तुले चार लागतात. मग पार्टीने तुले जास्त द्यायचे?"

"माझा दर कमी असेल ना."

"कितला कमी?"

मी तक्ता परत माझ्याकडे ओढला. त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी मला पंचिंगच्या दिवसांबद्दल सांगितलं. सॉफ्टवेअर लिहायला लागण्याआधी त्या एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन बसवायच्या, त्याला पंचिंग म्हणतात. तिथे पैसे हजार टाक्यांवर मिळायचे. कमी टाक्यांत सुंदर फूल उमटवलं तर पैसे कमी, आणि तेच फूल उगाच भरत बसलं तर जास्त. "सगळी पोरं भरत सुटायची," त्या म्हणाल्या. "साडी अशी जड व्हायची, नेसणारीचा खांदा दुखावा. मला ते जमेना. माझी फुलं हलकी. आणि पगारही हलका."

मला वाटलं, आलं लक्षात. तासावर पैसे घेतले की माणूस काम लांबवतो, म्हणून त्या तसे घेत नाहीत. पण त्याच आठवड्यात सुरतेजवळच्या सचिन गावातून एक कारखानेवाले आले आणि शैलाबेननी पाणी पिऊन त्यांना सरळ तासाचा भाव सांगितला. ते गेल्यावर मी विचारलं, "यांना का तासावर?"

"तो बोलस फार," त्या म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

मग होती ती बोहनी. दिवसाचा पहिला सौदा मोडायचा नाही, हे सुरतेच्या बाजारात सगळेच थोडंफार मानतात. शैलाबेन ते अक्षरशः पाळायच्या. शटर उघडल्यावर पहिला जो कुणी भाव बोलेल त्याला नाही म्हणायचं नाही, घासाघीस करायची नाही, "झालं" म्हणायचं. आणि तो भाव नंतर कधी वाढवायचा नाही. हे हळूहळू पार्ट्यांना कळलं होतं. सगळ्यात आधी कळलं होतं रमणिकभाईंना. रिंग रोडच्या मार्केटमध्ये त्यांची साड्यांची मोठी पेढी, शैलाबेनचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. लेक म्हणून गोड बोलायचे, "बेन, तमे तो मारी दीकरी जेवा," आणि नवं काही काम काढायचं असलं की बरोबर शटर उघडायच्या वेळी फोन करायचे. त्यांच्या पेढीची निम्मी कामं बोहनीच्या भावात झालेली होती.

एकदा एका एम्ब्रॉयडरीवाल्याने त्यांच्यावर मात करायची ठरवली. तो सकाळी येऊन आमच्या जिन्यातच बसून राहिला. रमणिकभाईंना ते कुठून कळलं कोण जाणे, त्यांनी शैलाबेनना घरी फोन लावला. त्या तेव्हा दात घासत होत्या. नंतर मला सांगताना त्यांनी तोंडात ब्रश असल्यासारखं करून दाखवलं: "शेठ, घरी बोहनी नसते. शटर उघडल्यावर." जिन्यातल्या माणसाचं काम झालं. रमणिकभाई आठवडाभर रुसले होते.

मी धीर करून म्हटलं, "तुमचं नुकसान होतं यात."

"होतं."

"तुम्ही खरंच मानता हे? पहिला माणूस परत पाठवला तर दिवस वाईट जातो वगैरे?"

"नाही."

"मग?"

"ते मानतात ना," त्या म्हणाल्या.

स्वतः काही विकत घेताना तर त्या कधीच घासाघीस करायच्या नाहीत. भाजीवाला म्हणेल ते, रिक्षावाला म्हणेल ते. माझी आई त्यांच्याबरोबर बाजारात जायला नको म्हणायची, "ती भाव बिघाडस." शैलाबेन म्हणायच्या, "त्याला त्याचा भाव माहीत असेल. मला कुठे माहीत आहे?"

त्यांच्याविषयी मी लोकांना सांगते तेव्हा गुडरिटर्नची गोष्ट हमखास सांगते. सुरतेच्या कापड बाजारात विकलेला माल परत येतो. रंग चालला नाही, बॉर्डर पसंत पडली नाही, काहीही. दोन-चार महिन्यांनी गठ्ठा परत येतो आणि व्यापारी तोंड वाकडं करून घेतो. त्याला सगळे गुडरिटर्न म्हणतात. तर एक ड्रेस मटेरियलवाले शेठ एक दिवस आमच्याकडे आले आणि त्यांनी टेबलावर एक पेन ड्राइव्ह ठेवला. आम्ही सहा महिन्यांपूर्वी ज्यात सॉफ्टवेअर दिलं होतं तोच.

"आ पाछुं लई लो, बेन," ते म्हणाले. "माल सारो छे. पण आमच्याकडे चालला नाही." त्यांचा कॉम्प्युटरवाला मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि आता ते कुणी वापरत नव्हतं. त्यांना पैसे परत हवे होते, थोडेफार कापून.

सॉफ्टवेअर असं परत करता येत नाही, ते कॉम्प्युटरमध्ये तसंच राहतं, हे मला सांगायचं होतं. गुजरातीत वाक्य जुळवेपर्यंत शैलाबेननी पेन ड्राइव्ह हातात घेतला होता. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. परत आलेल्या साडीवर डाग बघतात तसा.

"वापरलेला दिसतो," त्या म्हणाल्या.

"थोडोक," शेठ ओशाळून म्हणाले.

शैलाबेन उठून पाणी प्यायल्या आणि त्यांनी निम्मे पैसे परत दिले. शेठ खूश होऊन गेले. मी बघतच राहिले. त्या दिवसभर काडी चावत होत्या. दुसऱ्या दिवशी एक नवी पार्टी आली. भाव ठरल्यावर शैलाबेन म्हणाल्या, "शेठ, फॉल लावलेली साडी तुम्ही परत घेता का?"

"ना रे. फॉल लाग्यो एटले पत्युं, खलास."

"मग बघा." त्यांनी स्क्रीनवर बिलाच्या माथ्यावर त्या शेठच्या पेढीचं नाव टाइप केलं. "लागला फॉल."

शेठने मान डोलावली. कुठलाही करार मी दहा पानं लिहून केला असता तरी तो त्याला इतका पटला नसता. त्यानंतर कुणी काही परत आणलं नाही. ते ड्रेस मटेरियलवाले शेठसुद्धा चार महिन्यांनी नवा मुलगा ठेवून परत आले, सॉफ्टवेअर पुन्हा हवं होतं. आता यांना चांगला चढा भाव लागणार, मी मनात म्हटलं. शैलाबेननी आधी फॉल लावला, मग पाणी पिऊन जुनाच भाव सांगितला.

"वाढवला का नाही?" मी नंतर विचारलं.

"माल तोच आहे ना," त्या म्हणाल्या. "त्याला काय झालं?"

एक प्रश्न मात्र त्या प्रत्येक पार्टीला विचारायच्या: "आता हे काम कोण करतं?" पेढीवर एखादे म्हातारे मेहताजी असायचे, वर्षानुवर्षं हाताने जमाखर्च लिहिणारे. मला वाटायला लागलं, हे सॉफ्टवेअर आल्यावर ज्याच्या पोटावर पाय येईल त्याचा विचार करून त्या भाव चढा सांगत असतील, म्हणजे शेठ बेत रद्द करेल. ही कल्पना मला फार आवडली होती. दोन-तीन वेळा ती जुळलीही. मग एका पेढीच्या मेहताजींचं काम जाणार होतं आणि शैलाबेननी भाव अगदी कमी सांगितला. मी माझी कल्पना त्यांना बोलून दाखवली. त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे नीट पाहिलं.

"तो मेहताजी पोरींना हाताला धरून चहा आणायला सांगायचा," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं." आणि जरा थांबून, "पण तुझं म्हणणं चांगलं आहे. मी तसं करायला पाहिजे."

तिसऱ्या वर्षी काम कमी झालं. छोटे व्यापारी मोबाइलवरचं तयार सॉफ्टवेअर घ्यायला लागले, महिन्याला थोडे पैसे भरायचे की झालं. नवी पार्टी क्वचित यायची. आमच्या गाळ्याचा मालक विकायचं म्हणत होता. अशात दिवाळीच्या आधी रमणिकभाई मुलाला, केयूरला घेऊन आले. केयूर अहमदाबादला शिकून आलेला. बसल्याबसल्या म्हणाला, "आंटी, किती दिवस असं कामाकामाचं बिल करायचं? आमच्याकडे नोकरीला या. पूर्ण वेळ. पगार तुम्ही सांगा."

शैलाबेन उठल्या, पाणी प्यायल्या, परत येऊन बसल्या. आकडा आला नाही. परत उठल्या, दुसरा ग्लास प्यायल्या. तरी नाही.

रमणिकभाईंनी ते पाहिलं. "काही घाई नाही, बेन," ते गोड आवाजात म्हणाले. "लाभपाचमेला बोलू. शुभ दिवस."

लाभपाचमेला सुरतेचा बाजार दिवाळीनंतर पुन्हा उघडतो. वर्षाची पहिली बोहनी त्या दिवशीची. रमणिकभाई काय करणार ते आम्हा दोघींनाही त्याच क्षणी कळलं. शटर उघडताच फोन येणार, ते एक आकडा बोलणार, आणि शैलाबेन वर्षाच्या पहिल्या सौद्याला नाही म्हणणार नाहीत. तो भाव पुढे कधी वाढणारही नाही. ही एका कामाची गोष्ट नव्हती. त्यांची पुढची सगळी वर्षं त्या भावात जाणार होती. या बोलण्यात माझं नाव कुठे नव्हतं, आणि ते मी काढलंही नाही.

दिवाळीपर्यंतचे दिवस त्या माझ्या ओळखीच्या शैलाबेन नव्हत्या. एकदा म्हणाल्या, "पल्लवी, बाईचा महिन्याचा भाव कसा काढतात?"

मी चार वेबसाइट बघून आकडे आणले. वीस वर्षांचा अनुभव, असा प्रोग्रॅमर, अशा शहरात, इतक्यापासून इतक्यापर्यंत.

"हे कुणाचे आहेत?"

"तुमच्यासारख्यांचे."

"माझ्यासारखी कोण आहे?" हे त्या गर्वाने म्हणाल्या नाहीत. खरोखर विचारत होत्या. मग म्हणाल्या, "काम विकलं तर काम देऊन मी घरी येते. महिना विकला तर काय देऊन येते?"

मी म्हटलं, "लाभपाचमेला पहिला फोन उचलूच नका."

मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लाभपाचमेचा पहिला फोन?"

आम्ही घरचे सगळे दिवाळीला गावी गेलो होतो, मी काकांबरोबर लवकर परतले. लाभपाचमेच्या सकाळी खालच्या दुकानांसमोर रांगोळ्या होत्या, फटाक्यांच्या कागदांचा कचरा होता, सगळे एकमेकांना साल मुबारक म्हणत होते. मी वर गेले तेव्हा शैलाबेन नुकतंच शटर उघडून आत बसल्या होत्या. मॉनिटरच्या कोपऱ्याला कुंकू लावलेलं, टेबलावर पेढ्यांचा डबा आणि त्याच्या शेजारी फोन, उताणा.

"साल मुबारक," मी म्हटलं.

"साल मुबारक. बठ." मी बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुना पगार कितला करवाना?"

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"पगार. या वर्षापासून किती घेणार? बोल."

"तुम्ही द्याल ते."

"मी नाही. तू बोल."

मुलाखतीत व्हायचं तसंच झालं. हात बॅगेच्या चेनकडे गेला. आकडा नव्हता असं नाही. पंचवीस हजार, हा आकडा गेले वर्षभर माझ्या मनात होता, रिक्षात बसल्यावर मी तो मनात बोलूनही बघायचे. तेवढ्यात फोन वाजायला लागला. स्क्रीनवर रमणिकभाईंचं नाव. शैलाबेननी फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"बोल, पोरी."

फोन थरथरत पेढ्यांच्या डब्याला लागला.

"अठरा," मी म्हटलं.

"झालं," त्या म्हणाल्या. डब्यातला एक पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मग फोन उचलला. त्या नेहमी स्पीकरवर बोलायच्या.

"साल मुबारक, बेन. पहेलो फोन मारो ज हशे," रमणिकभाईंचा आवाज आला. मागे पूजेची घंटा वाजत होती. "तमे बोलता नथी एटले हुं ज बोलुं छुं. पांत्रीस. दर महिने. शुभ दिवस छे, हा पाडो."

पस्तीस हजार, आणि तेवढ्यात हो म्हणून टाका. माझ्या यादीतला सगळ्यात खालचा आकडा त्याच्या दुप्पट होता.

"शेठ, बोहनी झाली," शैलाबेन म्हणाल्या.

फक्त घंटा. "कोनी साथे?"

"घरातच. पल्लवीशी."

मग रमणिकभाई खोकल्यासारखे हसले. "तो हवे? पुढे काय?"

"आता भाव करावा लागेल. थांबा." त्या उठल्या, फोन तसाच चालू ठेवून माठाकडे गेल्या. मी आणि रमणिकभाई दोघंही त्यांचं पाणी पिणं ऐकत राहिलो. ग्लास उपडा ठेवल्याचा आवाज आला. "दुपारनंतर येईन. रोज. सकाळ माझी. सत्तर."

"अरधा दिवसना सित्तेर?"

"अख्ख्या दिवसाचा भाव माझ्याकडे नाही, शेठ."

"केयूरने पूछवुं पडशे," ते म्हणाले. संध्याकाळी केयूरचा फोन आला, पासष्टवर जमलं. सकाळचं ऑफिस चालू राहिलं. गाळ्याचा मालक अजून विकायचंच म्हणत होता. मी अठरा हजारांवर राहिले.

त्यांनी ती बोहनी माझ्यासाठी केली की रमणिकभाईंच्या तावडीतून सुटायला मला पुढे केलं, हे मला तेव्हा कळलं नाही. कधी वाटतं, तीन वर्षं न विचारलेला प्रश्न त्यांनी मुद्दाम त्या दिवसासाठी राखून ठेवला होता. कधी वाटतं, समोर मी होते म्हणून मी. एकदा विचारलं, "त्या दिवशी मलाच का?"

"तूच आली ना पहिली." मग काडी दातातून काढून म्हणाल्या, "पण अठरा काय बोललीस? मी बावीसपर्यंत धरून बसले होते."

"मग बावीस द्यायचे होते."

"बोहनीचा भाव मोडत नाहीत." त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. खरंच दिसत होतं. "पुढच्या वेळी आधी पाणी पी," त्या म्हणाल्या.

वर्षभराने मी तिथून निघाले. आता घरूनच बाहेरगावच्या एका कंपनीचं काम करते, तासावर. दर माझा मी सांगितला. सांगण्याआधी कॅमेरा बंद करून ग्लासभर पाणी प्यायले. त्याचा उपयोग झाला का, माहीत नाही. ते लगेच हो म्हणाले, आणि तेव्हापासून मला वाटतंय की कमी सांगितला.

मागच्या महिन्यात पर्वत पाटियाच्या चौकात त्या दिसल्या. शेअर रिक्षात मागे कडेला बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, चष्मा गळ्यात. रिक्षावाला भाड्यावरून दुसऱ्याशी भांडत होता, त्यांनी पैसे आधीच हातात काढून ठेवले होते. मला पाहून त्यांनी मान बाहेर काढली.

"कसं चालनं? तासावर शे ना आते?"

"हो."

"काय सांगस?"

रिक्षात सगळे आमच्याकडे बघत होते. शेजारी एक बाई भाजी घेऊन बसली होती, पुढे कॉलेजचे दोन मुलगे. घरी आईलासुद्धा मी हा आकडा सांगितलेला नाही. मी रस्त्यात उभी राहून तो मोठ्याने सांगितला.

शैलाबेननी चष्मा उचलला आणि त्याची काडी दातात धरली. कमी वाटला की जास्त, चेहऱ्यावरून काही कळेना. रिक्षा सुटली, लिंबायतच्या बाजूला वळली, तरी काडी दातातच होती.